स्टेशनापासून घरापर्यंत

कॅनडाच्या रेल्वेचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण एकाच छायाचित्रापाशी येऊन थांबतात. ७ नोव्हेंबर १८८५, ब्रिटिश कोलंबियातलं क्रेगेलाची हे डोंगरातलं ठिकाण, भोवती कोट-टोप्यांतली मंडळी, आणि पांढऱ्या दाढीचा डोनाल्ड स्मिथ कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकतो आहे. चित्र खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण त्या रुळांवरून पुढे जी लाखो माणसं आली त्यांचं काय झालं, हे त्यात दिसत नाही. विनिपेगच्या पश्चिमेला कुठल्याशा स्टेशनवर माणूस बायको, पोरं आणि बोचकी घेऊन उतरायचा. सरकारने त्याच्या नावावर लिहून दिलेली जमीन तिथून वीस-तीस मैल, कधी शंभर मैलांहून लांब. मध्ये रस्ता नाही, पूल नाही, पत्ता विचारायला घर नाही. तिथून पुढे तो कसा गेला, आणि एकदा पोचल्यावर पिकलेला गहू घेऊन त्याच स्टेशनवर परत कसा आला, हा या पुस्तकाचा विषय आहे. समुद्र ओलांडणं आणि खंड ओलांडणं यांवर भरपूर लिहिलं गेलंय. त्यानंतरच्या मैलांवर त्या मानाने फार थोडं.

प्रेअरी म्हणजे आजच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा या तीन प्रांतांचा दक्षिणेकडचा गवताळ पट्टा आणि त्याला उत्तरेकडून लागून असलेला विरळ झाडीचा मुलूख. या मुलखाला सगळे सरसकट सपाट म्हणतात. गाडी हाकणाऱ्याने मात्र तसं कधी म्हटलं नसतं. नद्यांनी इथे शे-दोनशे फूट खोल दऱ्या कोरल्या आहेत आणि काठावर येऊन उभं राहीपर्यंत त्या दिसतच नाहीत. जागोजागी पाणथळ डबकी. एकेकाला वळसा घालायचा तर अर्धा मैल जास्तीचा. रेड नदीच्या खोऱ्यातली काळी चिकणमाती तर पावसात चाकाला अशी धरते की आऱ्यांमधली पोकळी भरून जाते आणि चाकाचा गोल ठोकळा होतो. जमीन सुपीक, म्हणूनच रस्ता वाईट. गव्हासाठी जी माती लोकांनी जीव टाकून मिळवली, तिनेच त्यांच्या गाड्या अडवल्या.

शिवाय मुलूख रिकामा नव्हता. क्री, नाकोडा, सोटो, ब्लॅकफूट या लोकांच्या इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा होत्या. नदीला उतार कुठे सापडतो, कुठल्या काठाने उतरलं तर घोडा पाय मोडत नाही, हिवाळ्यात सरपण कुठे मिळतं, हे सारं ज्ञान त्या वाटांत होतं. बायसनचे कळपही पाण्याकडे जाताना सोपा चढ-उतार शोधत आणि माणसं पुष्कळदा त्यांच्याच मागून गेली. १८७० मध्ये फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या ताब्यातला हा अफाट प्रदेश कॅनडाकडे आला. पुढच्या सात वर्षांत एकामागून एक सात करार करून मूळ रहिवाशांना राखीव क्षेत्रांकडे सरकवण्यात आलं. ‘आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं,’ हे वसाहतवाल्यांच्या आठवणींतलं लाडकं वाक्य. ते लिहिणारा ज्या पायवाटेने आला, ती कोणी पाडली हे त्याच्या मनात येत नाही.

गाड्यांची वाट पाडली ती मुख्यतः मेटी लोकांनी. फरच्या व्यापारात आलेले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष आणि क्री-ओजिब्वे स्त्रिया यांच्या वंशातून हा समाज उभा राहिला, स्वतःची भाषा, पोशाख आणि शिकारीचे कायदे घेऊन. त्यांचं वाहन म्हणजे रेड रिव्हर गाडी. मराठी वाचकाला ती पटकन समजेल. आपल्या बैलगाडीची दूरची बहीणच म्हणा. पण बैल एकच, दोन दांड्यांच्या मध्ये जुंपलेला, किंवा त्याच्या जागी एखादं तट्टू. आणि सबंध गाडीत लोखंडाचा तुकडा नाही. चाकाला धाव नाही, आसाला कणी नाही, कुठे खिळाही नाही. चाकं माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी उंच आणि बशीसारखी बाहेरच्या बाजूला खोलगट, म्हणजे चिखलात रुतत नाहीत आणि उतारावर गाडी सहसा कलंडत नाही. सांधे बांधायला बायसनच्या कच्च्या चामड्याच्या वाद्या, त्यांना शागानापी म्हणत. चामडं ओलं असताना गुंडाळायचं; वाळलं की ते आवळून असं घट्ट होतं की सुरी चालत नाही.

या गाडीला वंगण घालत नसत. घातलं तर वाटेवरची धूळ त्यात मिसळून आस खाऊन टाकी. त्यामुळे लाकडावर लाकूड घासून जी कर्कश किंकाळी निघे ती काही मैलांवरून ऐकू यायची, आणि त्या काळच्या बहुतेक प्रवाशांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या आहेत. मला स्वतःला हा आवाज या काळाची सर्वांत प्रामाणिक खूण वाटतो, कारण त्यामागे सरळ हिशेब होता: कान गेले तरी चालतील, आस टिकला पाहिजे. तरीही लांबच्या फेरीत आस मोडायचेच. वाटेत झाड असेल तर गाडीवान कुऱ्हाड काढून तिथल्या तिथे नवा घडवी, आणि ओसाड पट्ट्यात शिरण्याआधी जादा लाकूड बरोबर घेई. नदी आडवी आली की दोन्ही चाकं काढायची, एकत्र बांधून साट्याखाली घालायची, त्यावर कातडं किंवा ताडपत्री ताणायची की गाडीचा तराफा तयार. बैल पोहत जाई आणि पलीकडे पुन्हा जुंपला जाई.

पेम्बिना इथल्या ठाण्यावरचा नॉर्थ वेस्ट कंपनीचा व्यापारी अलेक्झांडर हेन्री याने १८०१ मध्येच आपल्या रोजनिशीत या नव्या धर्तीच्या गाड्यांची नोंद केली आहे. पुढची पाऊणशे वर्षं प्रेअरीचा बराचसा माल त्यांनी वाहिला. एका गाडीत आठ-नऊशे पौंड ओझं मावे. मागच्या गाडीचा बैल पुढच्या गाडीला दोरीने बांधायचा आणि एका माणसाने अशा चार-पाच गाड्या सांभाळायच्या, असे शेकडो गाड्यांचे तांडे निघत. दक्षिणेला अमेरिकेतल्या सेंट पॉलकडे वाट जाई. पश्चिमेला फोर्ट गॅरीहून, म्हणजे आजच्या विनिपेगहून, फोर्ट एलिस, फोर्ट कार्लटन, फोर्ट पिट अशी ठाणी घेत फोर्ट एडमंटनपर्यंत कार्लटन ट्रेल जाई. सुमारे नऊशे मैलांची ही वाट. दिवसाला वीस मैल पडले तर चांगली चाल म्हणायची, त्यामुळे पुरी वाट तोडायला दोन-अडीच महिने सहज लागत. ही वाट म्हणजे एक चाकोरी नव्हे. मोकळ्या माळावर जुनी चाकोरी खोल झाली की शेजारून नवी पडे आणि अशा कित्येक चाकोऱ्या एकमेकींना समांतर धावत. नांगराखाली न आलेल्या काही जागी त्या आजही गवतात ओळखू येतात.

या वाटेने काय काय गेलं! १८६२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सोन्याच्या नादाने निघालेली दीडएकशे माणसांची टोळी गेली. इतिहासात ते ओव्हरलँडर्स म्हणून ओळखले जातात. त्यांत एकच स्त्री होती, कॅथरिन शूबर्ट, आयर्लंडमध्ये जन्मलेली. बरोबर नवरा, तीन लहान मुलं, आणि चौथं पोटात. ती गरोदर आहे हे टोळीला सुरुवातीला ठाऊकच नव्हतं. एडमंटनला गाड्या सोडून सामान घोड्यांवर लादावं लागलं, कारण पुढच्या जंगलात आणि डोंगरात चाकाला वाट नव्हती. रॉकी पर्वत ओलांडून, नॉर्थ थॉम्प्सन नदीवरून तराफ्याने, उपासमार काढत ते कुटुंब ऑक्टोबरात कॅम्लूप्सच्या ठाण्यावर पोचलं आणि तिथेच मुलगी जन्मली. १८७८ मध्ये पॅट्रिक लॉरी नावाच्या संपादकाने विनिपेगहून छापखाना बैलगाडीत घातला आणि बॅटलफर्डला नेऊन ‘सस्कॅचेवन हेरल्ड’ हे त्या प्रदेशातलं पहिलं वर्तमानपत्र काढलं. फ्रँक ऑलिव्हरनेही असाच छापखाना नेऊन १८८० मध्ये एडमंटनला ‘बुलेटिन’ सुरू केलं. ज्या गाड्यांनी हे छापखाने वाहून आणले, त्यांना मागास ठरवून रेल्वेची मागणी करणारे अग्रलेख पुढे त्याच यंत्रांवर छापले गेले.

जलमार्गाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे दोन प्रकरणं आहेत. ऑर्कनी बेटांतल्या होड्यांच्या धर्तीवर बांधलेल्या यॉर्क बोटी हडसन बे कंपनीने दीर्घकाळ चालवल्या. वल्ही, शीड, आणि प्रवाहाविरुद्ध जायचं असेल तर काठावरून दोर खांद्याला लावून ओढणं. धबधबा आला की नव्वद पौंडांचे गठ्ठे पाठीवर. मग वाफेच्या बोटी आल्या. १८५९ मध्ये ‘ॲन्सन नॉर्थप’ रेड नदीवरून फोर्ट गॅरीला लागली आणि १८७५ मध्ये ‘नॉर्थकोट’ थेट एडमंटनला. नॉर्थ सस्कॅचेवन ही नदी मात्र आगबोटीसाठी जन्मलेली नव्हती. वाळूचे दांडे दर वर्षी जागा बदलणार, उन्हाळा सरता सरता पाणी उतरणार, आणि हिवाळ्यात सगळंच गोठणार. नकाशावर ती नदी भव्य दिसते. प्रत्यक्षात बोटीवरचे लोक कित्येकदा बोट वाळूतून उचलण्यातच दिवस घालवत.

नदीकाठाने वर जाण्यापेक्षा तिच्या आरपार जाणं हा वसाहतवाल्याचा रोजचा प्रश्न होता. त्यावरचा उपाय म्हणजे तरी. तिची युक्ती बघण्यासारखी आहे. नदीच्या दोन काठांमध्ये एक जाड तार ताणायची. सपाट तळाची रुंद होडी पुढून एक आणि मागून एक अशा दोन दोरांनी त्या तारेवरच्या कप्प्यांना जोडायची. पलीकडे जायचं असलं की तरीवाला चाक फिरवून पुढचा दोर आखूड करतो, त्यामुळे होडी प्रवाहाला तिरकी होते आणि पाण्याचा रेटाच तिला तारेवरून पलीकडे ढकलत नेतो. परत येताना मागचा दोर आखूड. वाफ नको, वल्ही नकोत, नदी स्वतःच स्वतःला ओलांडून देते. पण शरद ऋतूत बर्फाचे तुकडे वाहू लागले की तरी बंद, आणि बर्फ माणूस पेलण्याइतका जाड व्हायला अजून अवधी असतो. वसंतात बर्फ फुटतानाही तेच. त्या दिवसांत काही ठिकाणी तारेला पाळणा लटकवत आणि डाकेची थैली किंवा डॉक्टर त्यातून खालच्या खळखळाटावरून जाई. घोडा आणि गाडी मात्र तिकडेच राही.

दक्षिण सस्कॅचेवन नदीवर बतोशला झाविए लेतांद्र्‌ची तरी होती आणि तिथून जरा वरच्या अंगाला गाब्रिएल द्यूमाँची. द्यूमाँ म्हणजे बायसनच्या शिकारीचा नामांकित नायक. बायसन संपत आले तसा तो तरी चालवून पोट भरू लागला. १८८५ मध्ये जमिनीच्या हक्कांसाठी मेटी लोकांनी लुई रिएलच्या नेतृत्वाखाली उठाव केला तेव्हा हाच तरीवाला त्यांचा सेनापती झाला. कॅनडाच्या फौजेने ‘नॉर्थकोट’ बोटीला चिलखत चढवून नदीतून बतोशवर पाठवलं. मेटींनी तरीची तार खाली सोडली, तिने बोटीची धुरांडी तोडली आणि बोट लढाईतून वाहत निघून गेली. लढाई ते पुढे हरले, रिएलला रेजायनात फाशी झाली. एका तारेने एका आगबोटीला निकामी केलं, ही हकिगत मात्र दळणवळणाच्या कुठल्याही इतिहासात मानाने यावी अशी आहे.

त्या उठावाच्या वेळी फौज पूर्वेकडून थोड्या दिवसांत आली ती अर्धवट बांधलेल्या रेल्वेवरून. रेल्वे कुठून जाणार हा प्रश्न त्याआधीच अनेकांचं नशीब ठरवून गेला होता. सँडफर्ड फ्लेमिंग या अभियंत्याने आखलेला मूळ मार्ग उत्तरेकडून, कार्लटन ट्रेलच्या मुलखातून जाणार होता. त्याच भरवशावर बॅटलफर्डला वायव्य प्रदेशाची राजधानी केलं. १८८१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने मार्ग उचलून शेकडो मैल दक्षिणेला, जवळजवळ निर्मनुष्य माळावरून नेला. १८८२ च्या ऑगस्टमध्ये रूळ जिथे पोचले तिथे रेजायना नावाचं गाव उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी राजधानी तिकडे हलली. लॉरीने छापखाना ज्या गावात आणला ते गाव एकाएकी कडेला पडलं.

वसाहतीची सरकारी योजना कागदावर सुबक होती. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्क भरणाऱ्याला १६० एकर मिळत, अट एवढीच की तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन नांगराखाली आणायची. मोजणीखात्याने सारा प्रदेश मैलभर लांबी-रुंदीच्या चौकोनांत कापला. छत्तीस चौकोनांचं एक टाउनशिप. चौकोनांच्या मधून रस्त्यासाठी ६६ फुटांची पट्टी सोडलेली, जुन्या मोजणीत ९९ फुटांची. नकाशावर ही पट्टी सरळ रेषेत जाते. जमिनीवर ती तळ्यात उतरते, दरीच्या कड्यावरून खाली उडी घेते आणि पलीकडच्या दलदलीत वर येते. मेटींच्या जुन्या वाटा वळणावळणाने कोरड्या जागेवरून जात. नव्या शेतकऱ्याने आपल्या चौकोनाभोवती कुंपण घातलं की ती वाट तुटे, आणि गाड्यांना रेषेवरच्या दलदलीत उतरावं लागे. पहिल्या दहा-वीस वर्षांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या भांडणांचं हे एक मोठं कारण होतं.

आपली जमीन शोधायची कशी, हा आणखी एक पेच. मोजणीदारांनी चौकोनाच्या कोपऱ्यावर खुंट रोवून शेजारी खड्डे आणि मातीचा उंचवटा केलेला असे, पण गवतात तो दिसला तर दिसला. मग लोक गाडीच्या चाकाच्या आऱ्याला चिंधी बांधत. ओळखीच्या खुंटापासून निघायचं आणि चिंधी किती वेळा वर येते ते मोजायचं. चार फूट व्यासाचं चाक असेल तर मैलाला साधारण ४२० फेरे. नवरा होकायंत्र बघत बैल हाकतोय आणि बायको मागे बसून चिंधी मोजतेय, मधेच पोर रडलं की आकडा चुकला, असे प्रसंग आठवणींच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा भेटतात.

या साऱ्या घोळाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे १९०३ ची बार वसाहत. आयझॅक बार नावाच्या पाद्र्याने इंग्लंडमध्ये जाहिरात करून निव्वळ ब्रिटिशांची वसाहत काढायचं ठरवलं. ३१ मार्चला ‘लेक मॅनिटोबा’ जहाज लिव्हरपूलहून निघालं. त्यात कोंबलेली माणसं जवळजवळ दोन हजार. सेंट जॉनला उतरून लाकडी फळ्यांच्या बाकांच्या डब्यांतून ही मंडळी एप्रिलच्या मध्यावर सस्कॅटूनला आली. इथवर सगळं रेल्वे कंपनीच्या वेळापत्रकाने झालं. त्यापुढे दोनशे मैल गाडीने जायचं होतं आणि यांतल्या बहुतेकांनी जन्मात बैलाला जू घातलं नव्हतं. कारकून, दुकानदार, शहरी मजूर. सस्कॅटूनच्या तंबूंत राहून त्यांनी चढ्या भावाने जनावरं आणि गाड्या विकत घेतल्या, त्यांत घरून आणलेलं अवजड सामान रचलं आणि निघाले. गाड्या चिखलात रुतल्या, सामान वाटेत टाकून द्यावं लागलं, बॅटलफर्डच्या अलीकडे ईगल हिल्सच्या उतारावर गाड्या बैलांच्या अंगावर गेल्या. मधेच बर्फाचं वादळ. बारवर लोकांचा इतका राग झाला की त्याला दूर करून जॉर्ज लॉइड या दुसऱ्या पाद्र्याला पुढारी केलं आणि गावाला त्याचंच नाव दिलं, लॉइडमिन्स्टर. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, तिथे रेल्वे आली. ज्यांनी थोडी कळ काढली ते डब्यात बसून उतरले. पण जमिनी वाटून झाल्या होत्या.

याच काळात कॅनडाचे मंत्री क्लिफर्ड सिफ्टन यांचं खातं युरोपातल्या जहाज-एजंटांना शेतकरी पाठवल्याबद्दल दर माणशी बक्षिसी देत होतं. आणि जानेवारी १९०८ मध्ये कॅनडाने हुकूम काढला की मायदेशातून सलग प्रवास करून, थेट तिकिटावर आलेल्यालाच उतरू द्यावं. हिंदुस्थानातून असा थेट प्रवास व्यवहारात अशक्य करून ठेवला होता. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडकून पडलं आणि जवळजवळ सगळ्यांना घेऊन परत गेलं. प्रेअरीच्या वाटांच्या पुस्तकात हा विषय आडवळणाचा आहे, पण प्रवासाची सोय कोणासाठी होती हे कळायला एवढा उल्लेख पुरे.

आता गव्हाकडे येतो, कारण पहिल्या वर्षानंतर सगळी ये-जा गव्हासाठी होती. शेतकऱ्याच्या चारचाकी घोडागाडीत साठेक बुशेल, म्हणजे सुमारे छत्तीसशे पौंड गहू मावे. स्टेशन दहा मैलांच्या आत असेल तर माणूस पहाटे निघून रात्री घरी येई. वीस-तीस मैल असेल तर एक रात्र वाटेतल्या उतारघरात काढायची, म्हणजे बहुधा कोणाच्या तरी झोपडीच्या जमिनीवर, घोड्यांना वैरण विकत घेऊन. मुक्कामाचा आणि वैरणीचा खर्च गव्हाच्या भावातून वजा. त्यामुळे रेल्वेजवळची जमीन आणि लांबची जमीन यांत पीक सारखं आलं तरी पदरात पडणारे पैसे सारखे नसत. रेल्वे कंपन्यांनाही ही गरज ठाऊक होती. त्यांनी शाखा-मार्गांवर सात-आठ मैलांच्या अंतराने थांबे आणि धान्याची उंच लाकडी कोठारं उभी केली. ग्रँड ट्रंक पॅसिफिकने तर नावं सुचेनाशी झाल्यासारखी वर्णमालेच्या क्रमानेच गावं मांडली: ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट असं करत युनिटी, व्हेरा, विंटर, याँकर, झुम्ब्रो.

कोठारवाला वजनात आणि प्रतवारीत हात मारतो अशी तक्रार कायमची. त्याला टाळायचं तर स्वतःची वाघीण मिळवून फलाटावरून फावड्याने गहू तीत भरायचा. पण सुगीच्या दिवसांत वाघिणी आधी कोठारवाल्यांना जात. १९०२ मध्ये सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी यावरून कॅनेडियन पॅसिफिकच्या स्टेशन-एजंटवर खटला भरला आणि जिंकला. यापुढे नोंदवहीत ज्याचं नाव आधी त्याला वाघीण आधी. पश्चिम कॅनडातली शेतकरी चळवळ, तिच्या सहकारी संस्था आणि नंतरचं राजकारण यांची मुळं शोधणारे विचारवंतांची पुस्तकं चाळतात. मी म्हणेन त्यांनी आधी त्या स्टेशनवरची नोंदवही बघावी.

हिवाळा आला की सगळे नियम उलटत. बर्फ ही अडचण आहे असं आपल्याला वाटतं. या मुलखात तो सर्वांत चांगला रस्ता होता. तळी, नद्या, दलदली गोठून एकजीव. घोडे घसरगाडी जोडून नाकासमोर सरळ जात, आणि गहू, सरपण, घरबांधणीचं लाकूड असा जड माल याच दिवसांत हलवला जाई. मात्र येण्याजाण्याने दाबला गेलेला बर्फ दगडासारखा होऊन वाट हळूहळू वर चढे आणि तिच्या दोन्ही बाजूंना भुसभुशीत बर्फ राही. घोड्याचा पाय वाटेवरून सरला की तो पोटापर्यंत आत. समोरून दुसरी गाडी आली तर कोणी बाजूला व्हायचं यावर शिष्टाचार ठरलेला होता: रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यायची. पायांशी तापवलेले दगड, अंगावर बायसनचं कातडं, आणि पुढे घसरगाडीवर चक्क लाकडी खोपटं बांधून आत शेगडी पेटवलेली. लगाम समोरच्या फटीतून आत घेतलेले. गाडी कलंडली की शेगडीही कलंडे, मग बर्फातल्या माणसाला आगीशी सामना. वादळात वाट दिसेनाशी झाली तर लगाम सैल सोडायचा आणि घर शोधायचं काम घोड्यावर सोपवायचं, हा सल्ला जुनी माणसं नवख्यांना हटकून देत.

मोटारी आल्या तरी चिखल होताच. शेतकऱ्यांनी कराच्या बदली आपली घोडी आणि लोखंडी सुपं आणून माती ओढली, नाले बुजवले, रस्ते उंच केले. मग १९३० नंतर दुष्काळ आणि मंदी एकदम आली. पेट्रोलला पैसे नाहीत, तेव्हा लोकांनी मोटारीचं इंजिन काढून टाकलं, दांडी बसवली आणि पुढे घोडे जुंपले. त्या वाहनाला त्यांनी पंतप्रधान आर. बी. बेनेट यांचं नाव दिलं, बेनेट बग्गी. रबरी टायरांमुळे ती घोडागाडीपेक्षा मऊ चाले, असं म्हणून लोक हसत.

आणि ज्यांनी पहिली वाट पाडली ते मेटी? १८८५ नंतर जमिनी हातच्या गेल्या. बायसन संपले, रेल्वेमुळे गाड्यांचं भाडंही गेलं. कित्येक कुटुंबांनी मोजणीखात्याने रस्त्यासाठी सोडलेल्या त्या ६६ फुटांच्या सरकारी पट्टीवर झोपड्या घातल्या, कारण तेवढीच जागा कोणाच्या मालकीची नव्हती. लोक त्यांना ‘रोड अलाउन्स’वाले म्हणू लागले. कर भरत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांच्या मुलांना शाळेत घेत नसत. मॅनिटोबातलं सेंट मॅडलिन हे मेटी गाव तर १९३० च्या दशकाच्या अखेरीस सार्वजनिक कुरणासाठी उठवलं गेलं आणि घरं जाळली गेली. वसाहतीच्या गौरवग्रंथांत गाडीचं चित्र मुखपृष्ठावर असतं, गाडीवानाचे नातू आतल्या पानांत सापडत नाहीत.

या पुस्तकासाठी वापरलेली साधनं त्यामुळेच एकांगी आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. कंपनीच्या ठाण्यांवरच्या रोजनिश्या, जमिनीसाठीचे अर्ज, पोलिसांचे अहवाल, आणि सस्कॅचेवनमधल्या गावागावांनी वर्गणी काढून छापलेले ग्रामइतिहास. हे ग्रामइतिहास मला फार आवडतात. कोणाचा घोडा कुठे बुडाला, पहिली शाळागाडी कोणी चालवली, असं सगळं त्यांत असतं. पण त्यांची सुरुवात बहुधा पहिल्या अर्जदाराच्या नावाने होते. ती उणीव मेटी आणि क्री लोकांच्या मौखिक आठवणींनी जितकी भरता आली तितकी भरली आहे.

प्रकरणांचा क्रम सालांप्रमाणे ठेवलेला नाही. आधी गाडी, मग नदी, मग रेल्वे, मग हिवाळा, असा पायाखालच्या वाटेप्रमाणे ठेवला आहे, कारण एकाच वर्षी हे चारही प्रकार एकाच माणसाच्या वाट्याला येत. शेवटचं प्रकरण मूळ आराखड्यात नव्हतं. गेल्या काही दशकांत कित्येक शाखा-मार्गांचे रूळ उखडले गेले, लाकडी कोठारं पाडली गेली, आणि गहू आता मोठ्या ट्रकांतून पुन्हा लांबच्या कोठारांकडे जातो. सस्कॅचेवन सरकारची प्रवासी बससेवा १९४६ पासून खेड्यापाड्यांना जोडत होती. ती ३१ मे २०१७ रोजी बंद झाली. गाडी चालवू न शकणारी म्हातारी माणसं आणि उपचारासाठी सस्कॅटून-रेजायनाला जाणारे रोगी शेजाऱ्यांना विचारू लागले, तिकडे कधी जाणार आहात. म्हणून हकिगत १९३० च्या दशकाशी न थांबवता तिथपर्यंत आणली आहे.